न केलेल्या पापाची क्षमा

मी एका माणसाला भर देवळात, सगळ्या मंडळीसमोर, बोकडचोरीच्या पापाची क्षमा दिली. त्याने बोकड चोरलेला नव्हता.

एवढं वाचून ज्यांना हसू आलं असेल त्यांनी हसून घ्यावं. माझी बायकोही हसली होती, फक्त त्याआधी तिने कपाळावर हात मारून घेतला होता.

मी पाळक. गावातले इतर लोक पाद्री म्हणत, मंडळीतले, म्हणजे आमच्या ख्रिस्ती समाजातले, पाळकसाहेब म्हणत आणि मंडळीचा कारभार बघणारे पंच रागावले की नुसतं ‘अहो’ म्हणत. रविवारची उपासना, बाप्तिस्मे, लग्नं, मयतं, आजाऱ्यांच्या भेटी, आणि या सगळ्यांच्या मध्ये सायकलचं पंक्चर काढणं, असा हा व्यवसाय. बाहेरच्यांना वाटतं की पाळकाचं काम म्हणजे उपदेश. उपदेश हा त्यातला सगळ्यात सोपा भाग, कारण तेवढा वेळ समोरच्याला बोलायची परवानगी नसते. अवघड काम पुढेच असतं. माणसं चुकतात, चुकलेली माणसं तोंड लपवतात, आणि त्यांना हाताला धरून परत आणायचं असतं.

माणूस चूक कबूल कधी करतो, याचा काही नेम नाही. आधी मी कोयनानगरच्या वसाहतीत होतो. तिथे जमीन वरचेवर थरथरायची. एकदा प्रार्थनासभा चालू असताना भांडी वाजायला लागली, आणि मागच्या बाकावरच्या एका फिटरने उभं राहून अशी काही पापं घडाघडा सांगितली की मलाच खाली बघायला लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो दारात हजर. म्हणाला, “साहेब, काल जे बोललो ते भूकंपाचं बोलणं धरा. मनावर घेऊ नका.” मी मनावर घेतलं नाही. अशा अनुभवांमुळे माझी एक ठाम समजूत झाली, की विचारायला गेलं तर माणूस खोटं बोलतो. तेव्हा विचारूच नये. या समजुतीनेच पुढे माझा घात केला.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतर माझी बदली सांगली जिल्ह्यात झाली. तासगावच्या पूर्वेला, जतकडे जाणाऱ्या वाटेवर एक गाव होतं. गावाच्या एका अंगाला नव्या द्राक्षबागा, दुसऱ्या अंगाला कोरडा माळ आणि मध्ये आमचं कौलारू देऊळ. आम्हीही त्याला देऊळच म्हणतो. तिथल्या मंडळीत एक रीत होती. प्रभुभोजनाच्या रविवारी, म्हणजे ज्या दिवशी सगळ्यांनी मिळून प्रभूच्या नावाची भाकर मोडून खायची त्या रविवारी, ज्याच्या हातून काही वावगं घडलं असेल त्याने पुढे येऊन वेदीच्या खालच्या पायरीवर उभं राहायचं आणि चूक सांगायची. मग मंडळीतल्या कुणीतरी उठून त्याच्या शेजारी उभं राहायचं. याला कैवार घेणं म्हणत. कैवारी घरातला चालत नसे. कुणी कैवारी मिळाला तरच पंच क्षमा उच्चारत आणि त्याची भाकर सुरू होई. कैवारी मिळाला नाही, तर पुढच्या भोजनापर्यंत भाकर बंद.

कोर्टातल्या वकिलाशी याची गल्लत करू नका. वकील सांगतो, माझ्या अशिलाने हे केलंच नाही. आमच्या कैवाऱ्याला ते म्हणायची मुभाच नव्हती. त्याने म्हणायचं, यानं केलंय, तरी हा आपला आहे, याला सोडू नका. आमची श्रद्धाच तशी आहे. देवापुढे आपला खटला आपण लढवला तर हरणार हे ठरलेलं. पण तिथे आपली बाजू घेणारा एकजण आहे, आणि आपण निर्दोष आहोत असं तो सांगत नाही. आपला दोष तो स्वतःच्या अंगावर घेतो. हे मी इतक्या वेळा शिकवलं होतं की मला ते कळलंय असा माझा समज झाला होता.

आता बोकड.

संक्रांत झाली की आमच्याकडे सुगीचा सण असे. ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे शेंगा, हुलगे, कोंबड्या, अंडी देवळात यायची आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव व्हायचा. त्या वर्षी मार्थाआक्का म्हणून एक विधवा बाई होत्या, त्यांनी नवसाचा बोकड आणला. काळा, कान फाटका, नजर माझ्या पंचांसारखी. मी उत्साहाने पुढे झालो आणि देवळामागच्या लिंबाला तो स्वतःच्या हाताने बांधला. लिलावात बोकडाची पाळी आली तेव्हा लिंब होता, बोकड नव्हता.

त्या बोकडाचं काय झालं ते आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर वाचक लेखभर त्यालाच शोधत बसतील. मी सातारा शहरात वाढलेला, शाळामास्तरांचा मुलगा. मी मारलेली गाठ बोकडाने एका हिसक्यात सोडवली आणि माळावरून चाललेल्या धनगराच्या कळपात तो सामील झाला. धनगर पुढच्या दिवाळीच्या सुमारास परतला तेव्हा तो बोकड आपण होऊन घेऊन आला. दावं गळ्यात होतं. तोवर हे प्रकरण मिटलं होतं. आणि खरं सांगायचं तर बोकड परत आल्यावरही दोन-चार माणसं म्हणालीच, की दुसरा आणून कान फाडला असेल.

पण सणाच्या दिवशी यातलं कुणालाच माहीत नव्हतं. माहीत होतं ते एवढंच, की उपासना चालू असताना शामूअण्णा उठून देवळामागे गेला होता, आणि त्याच संध्याकाळी त्याच्या घरातून मटणाचा वास आला.

शामूअण्णाचं खरं नाव शमुवेल. उंच, काटकुळा, बोलणं कमी. त्याचा धंदा राखणदारीचा. द्राक्षात साखर भरायला लागली की बागाईतदार त्याला बोलावून नेत. तो माळ्यावर, म्हणजे बागेतल्या उंच मचाणावर बसून दिवसा गोफणीने पाखरं हाकायचा आणि रात्री चोरांवर लक्ष ठेवायचा. राखणदाराची सगळी कमाई म्हणजे त्याचं नाव. ज्या माणसावर झोपताना भरवसा ठेवायचा, त्याच्याविषयी शंकेचा वाराही चालत नाही.

गावात कुजबूज सुरू झाली. मी ऐकत होतो. एखादा अनुभवी पाळक सरळ अण्णाच्या घरी जाऊन घोंगड्यावर बसला असता आणि म्हणाला असता, काय रं, बोकड तू नेलास का? पण मला वाटलं, विचारणं म्हणजे आरोप करणं. त्यापेक्षा आपण मोठ्या मनाने क्षमाच करून टाकू. म्हणजे त्याला कबुलीची लाज नको आणि आपल्याला चौकशीची कटकट नको.

पुढचा रविवार प्रभुभोजनाचा होता. मी दयेवर उपदेश केला. चांगला झाला असावा, कारण मलाच भरून आलं. आणि त्या भरात मी हात पसरून म्हणालो, “शमुवेल भाऊ, त्या बोकडासाठी ही मंडळी तुला प्रभूच्या नावाने क्षमा करते. मी स्वतः तुझा कैवार घेतो. ये, भाकर घे.”

फिर्यादी मी, वकील मी, न्यायाधीशही मीच.

शामूअण्णा जागेवर उभा राहिला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. म्हणाला, “कंचा बोकड?”

देवळात कुणीतरी फिसकन हसलं. अण्णाने खांद्यावरचा पंचा झटकला आणि तो चालत बाहेर गेला. पण घरी गेला नाही. देवळासमोरच्या दगडावर जाऊन बसला. त्यानंतर दर रविवारी घंटा झाली की तो यायचा, त्या दगडावर बसायचा, आणि उपासना सुटली की उठून जायचा. मी उपदेश करताना उघड्या दारातून मला त्याची पाठ दिसायची. आयुष्यात अनेकांनी माझ्या उपदेशाकडे पाठ फिरवली, पण एवढ्या नेमाने कुणी नाही.

मी त्याला समजवायला बाहेर गेलो.

“अण्णा, आत चल. झालं ते झालं. आता क्षमा झाली.”

“तीच मागारी घ्या.”

“क्षमा मागं कशी घेणार?”

“दिली तशी घ्या. आवं, चोर म्हनला असता तर मी न्हाई म्हनलो असतो. माफीला न्हाई कसं म्हनू? न्हाई म्हनलं तर चोर तर हायच, वर मुजोर. व्हय म्हनलं तर काय, इचारायलाच नगं. तुमी मला बोलाय तोंडच ठेवलं न्हाई.”

मी ही अडचण ज्येष्ठ पंच नथानेलतात्यांपुढे ठेवली. निवृत्त शिक्षक, धोतर पांढरंशुभ्र, स्वभाव इस्त्रीचा. ते म्हणाले, “प्रभूच्या नावाने दिलेली क्षमा परत घेणारा पाळक मी पाहिला नाही आणि पाहणारही नाही. तो पंचा झटकून गेला, ही त्याची मगरुरी. बसू दे दगडावर.”

तेवढ्यात खरी वाईट बातमी आली. अण्णा दरवर्षी ज्यांची बाग राखायचा त्या सुभेदारांनी त्याला यंदा येऊ नको म्हणून निरोप पाठवला. सुभेदार म्हणजे पलटणीतून निवृत्त होऊन द्राक्ष लावलेला मराठा गडी. त्यांनी नाही म्हटल्यावर बाकीच्या बागाईतदारांनीही तोंड फिरवलं. द्राक्षं गोड व्हायला लागली होती. हंगाम हातचा गेला तर अण्णाच्या घरी वर्षभराची चूल पेटायची पंचाईत, आणि एकदा ‘चोर राखणदार’ हे नाव पडलं की पुढचा हंगामही गेलाच.

मी लगेच सायकल काढली. चूक आपली आहे, निस्तरली पाहिजे, असं म्हणत बाग गाठली आणि आणखी एक चूक केली.

“सुभेदारसाहेब,” मी म्हणालो, “शामूअण्णाला कामावर घ्या. त्याला मंडळीने संपूर्ण क्षमा केली आहे. तो आता नवा माणूस झालाय.”

सुभेदारांनी हातातला घड उन्हाकडे धरून बघितला. “म्हंजे जुना हुता तवा चोरलावता.”

“नाही, म्हणजे तसं नाही...”

“मग माफी कशाची?”

“आमच्या श्रद्धेप्रमाणे...”

“पाळकसाब, पलटणीत आमी बी माफी द्येत हुतो. लय वेळा दिली. पन माफी मिळालेल्या शिपायाला राशनच्या कोठारावर पारा द्यायला न्हाई बसवला कवा. तुमची माफी तुमच्या देवळात ऱ्हाऊ द्या.”

येताना उतार होता तरी मी सायकल हातात धरून चालत आलो.

घरी सुशीला, म्हणजे माझी बायको, हुरड्याची कणसं निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं. तात्या काय म्हणाले, सुभेदार काय म्हणाले, शास्त्र काय म्हणतं. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, “आणि तो काय म्हणतो?”

“कोण?”

“शामूअण्णा. बोकड नेला म्हणतो का नाही नेला म्हणतो?”

मीही एक कणीस हातात घेऊन निवडायला लागलो.

“तुम्ही त्याला विचारलंच नाही?” हाच तो क्षण, जेव्हा तिने कपाळावर हात मारला. मग हसली. हसून झाल्यावर म्हणाली, “उठा.”

अण्णा गावाबाहेर बाभळीचे काटे तोडून कुंपणाचे भारे बांधत होता. तेवढंच काम त्याला मिळत होतं. मी समोर उभा राहिलो. खून केलेल्या माणसाच्या शेजारी बसून प्रार्थना केलेला पाळक मी, पण एवढा साधा प्रश्न विचारताना माझी जीभ उचलेना.

“अण्णा, बोकड तू नेलास का?”

त्याने कोयता खाली ठेवला. “आज इचारताय व्हय?”

“आज विचारतोय.”

“न्हाई नेला. देवळामागं इडी वढाय गेलतो. मटान मेव्हन्यानं तासगावास्नं आनलंतं.” आणि त्याने परत कोयता उचलला.

माझ्याकडे पुरावा नव्हता. बोकड तेव्हा कुठल्या माळावर चरत होता कुणास ठाऊक. तात्यांना सांगितलं असतं तर त्यांनी मेव्हण्याला बोलवा, खाटकाला विचारा, असं केलं असतं. पण मला एक गोष्ट लख्ख दिसली. बोकड गेला कुठे हे शोधणं माझ्या हाती नव्हतं. मात्र न विचारता एका माणसाला पापी ठरवलं, आणि ते देवाचं नाव घेऊन ठरवलं, हे पाप कुणाचं हे शोधायला कुठे जायची गरज नव्हती. ते माझं होतं, आणि त्यासाठी आमच्या देवळात एक पायरी होती.

मी पंचांना सांगितलं, की येत्या भोजनाच्या रविवारी मी खाली उभा राहणार.

तात्या ताडकन उठले. “पाळकाने पायरीवर उभं राहायचं नाही. आजवर झालं नाही.”

“आजवर पाळक चुकले नाहीत का?”

“चुकले. उभे राहिले नाहीत! अहो, तुम्हीच तिथे उभे राहिलात तर उद्या तुमचं ऐकायचं कुणी?”

“उद्या नका ऐकू. रविवारी ऐका.”

“मला सांगलीला वरिष्ठांना कळवावं लागेल.”

“कळवा. पण रविवारनंतर.”

मी असा हट्टी माणूस नाही. बायकोला विचारा, मी भाजीवाल्याशीही घासाघीस करत नाही. पण त्या आठवड्यात मला कुणीही हलवू शकलं नसतं. शनिवारी मी परत बागेत गेलो. सुभेदार मला बघून वैतागले. मी म्हणालो, “आज काही मागायला आलो नाही. उद्या आमच्या देवळात या. तुम्ही माझ्या तोंडून चुकीचं ऐकलंत, आता बरोबरही माझ्याच तोंडून ऐका.”

“पूजा बिजा करावी लागंल का?”

“काही नाही. दारात उभे राहिलात तरी चालेल.”

रविवारी ते आले. फेटा बांधून, वहाणा काढून, दारात उभे. पलीकडे दगडावर अण्णाची पाठ. मी उपासना भाकरीपर्यंत आणली, झगा काढून ठेवला आणि खालच्या पायरीवर जाऊन उभा राहिलो. वरून खाली पावलाएवढंच अंतर, पण तिथून मंडळी फार मोठी दिसते.

तोंड उघडलं आणि सवयीने माझ्यातला उपदेशक जागा झाला. “प्रिय बंधुभगिनींनो, मनुष्यस्वभावाची दुर्बलता पाहता...”

“उपदेश नगं!” मार्थाआक्का बसल्या जागेवरून म्हणाल्या. “चूक सांगा.”

मग मी चूक सांगितली. “शामूअण्णाने बोकड नेला की नाही, हे मी त्याला विचारलं नाही. न विचारता त्याला चोर ठरवला आणि त्याला क्षमा म्हटलं. देवाचं नाव घेऊन म्हटलं. मी विचारल्यावर त्याने नाही म्हणून सांगितलं. माझा त्याच्यावर विश्वास आहे. त्याचं काम गेलं ते माझ्यामुळे. मला क्षमा करा.”

एवढंच. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण.

तात्या जागेवरूनच कोरड्या आवाजात म्हणाले, “याचा कैवार कोण घेतो?”

कुणी उठलं नाही. मी बघत होतो. ज्यांची लग्नं लावली ते बसले होते, ज्यांची मुलं हातावर घेऊन बाप्तिस्मा दिला ते बसले होते. दुष्टपणा नव्हता त्यात. पाळकाचा कैवार कसा घ्यायचा हे कुणाला ठाऊकच नव्हतं. मार्थाआक्का हाताची घडी घालून होत्या. शेवटी बोकड त्यांचा होता. सुशीला अर्धवट उठली आणि रीत आठवून परत बसली. तात्या कौलं मोजत असल्यासारखे वर बघत होते. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं. वर आपला कैवार घेणारा कुणी आहे असं वर्षानुवर्षं सांगणारा मी, त्या पायरीवर प्रथमच मला कळलं की तो नसता तर काय झालं असतं.

मग बाहेर पायताणं आपटल्याचा आवाज झाला. अण्णा दारातून, सुभेदारांच्या शेजारून आत आला. मधल्या वाटेने चालत माझ्याजवळ येऊन उभा राहिला. काटेकुट्याचा आणि विडीचा वास येत होता. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही, मंडळीकडे तोंड केलं.

“मी घेतो ह्येचा कैवार,” तो म्हणाला. “ह्यो मानूस चुकलाय. लय चुकलाय. ह्येच्यामुळं माझ्या घरात खायाचे वांधे झालं. ह्येला गाठ मारता येत न्हाई, सायकल नीट चालवता येत न्हाई, आन साधं इचारता बी येत न्हाई.”

मंडळीत हशा पिकला. मला वाटलं, हा कैवार घेतोय की सूड.

“पन गेल्या साली माझी म्हस आजारी पडली तवा ह्यो गोठ्यात गुडघं टेकून बसलाता. म्हशीसाठी प्रार्थना केली. म्हस मेली. पन केली तर खरी. दुसरा कुनी आला न्हवता.” तो थांबला. बोलायची सवय नसलेला माणूस, धाप लागली होती. “त्येनं केलंय. तरी आपला हाय. ह्येची भाकर बंद करू नगा.”

तात्या उठले. क्षमेचे शब्द त्यांना पाठ होते, पण त्या दिवशी मध्येच आवाज अडकला आणि बाकीचे शब्द मार्थाआक्कांनी पुरे केले. अण्णा पुढे होऊन बसला. मी भाकर मोडली, आणि पहिला तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला.

उपासना सुटली तेव्हा सुभेदार अजून दारातच होते. अण्णा बाहेर आला तसे त्याला म्हणाले, “शामू, उद्या सकाळच्याला माळ्यावर ये. पोपटांनी लय धुमाकूळ घातलाय.”

“लोक इचारतील, सुभेदार.”

“मला इचारतील न्हवं? सांगीन मी. ज्यानं तुझं वाटोळं केलं त्येच्याच बाजूनं उभा ऱ्हायलास, भर मान्सांत. बाग आजपास्नं तुझ्या हवाली.”

अण्णाने मान हलवली आणि पायताणं घातली. माझा ऊर भरून आला. मी पुढे झालो, सुभेदारांचा हात हातात घेतला आणि म्हणालो, “मीसुद्धा अधूनमधून बागेकडे येत जाईन. अण्णाला सोबत होईल.”

सुभेदारांनी हळूच आपला हात सोडवून घेतला.

“तुमी नगा येऊ, पाळकसाब. तुमी आलासा तर चोरी व्हायच्या आदीच चोराला माफी देऊन मोकळं व्हाल.”